गाडी पाणी खाते तेव्हा

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला उचंत खाते समजावून सांगावे लागत नाही. रात्री रोकड मोजली, ती रोजमेळातील शिलकेशी जुळली नाही आणि कारण तत्काळ सापडले नाही, तर तो फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकून दिवस बंद करण्याची रीत आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बँकेतही तेच चाले. मात्र त्या खात्यात पडलेली रक्कम लवकरात लवकर तेथून उचलून तिच्या योग्य जागी नेली पाहिजे, असा दंडक असे. जो फरक महिनोन्‌महिने तेथेच राहतो आणि थोडाथोडा वाढत जातो, त्याच्यावर तपासनीसाचे बोट सर्वप्रथम पडते.

मोटारीच्या बॉनेटखाली असणारी कूलंटची बाटली अनेक कुटुंबांत असेच उचंत खाते होऊन बसली आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी घरातील कोणीतरी, किंवा कोणालाही न सांगता ड्रायव्हर, त्या बाटलीत तांब्याभर पाणी ओततो आणि बॉनेट लावून टाकतो. विचारले तर उत्तर मिळते, “गाडी जरा पाणी खाते, बाकी उत्तम आहे.” वस्तुस्थिती अशी की सुस्थितीतील मोटार पाणी खात नाही. पेट्रोल जळते, टायर झिजतो. कूलंट मात्र बंदिस्त मार्गात फिरत राहते. वर्षभरात बाटलीतील पातळी बोटभर उतरली तर ती क्षम्य मानावी. महिन्याला पाव लिटर जात असेल, तर ते कोठेतरी जात आहे आणि ती जागा शोधलीच पाहिजे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येचे शिक्षण मला नाही. परंतु वाहनकर्जाच्या निमित्ताने बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यातील गॅरेजांत माझे बरेच बसणे झाले आणि निवृत्तीनंतर ती आवडच होऊन गेली. भिगवण रस्त्यावरील एका वयोवृद्ध मेस्त्रींचे एक वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले, “शेठ, पाणी आपोआप संपत नाही, ते कुठंतरी जातं. मला आधी ते बघू द्या, मग पान्याला हात लावतो.”

प्रथम या पाण्याचे काम काय, ते पाहू. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला तृतीयांश इंजिनाच्या धातूत साठू लागतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरचे इंजिन लहान असते. पंखा आणि इंजिनावरील पातळ पात्या यांच्या साह्याने नुसती हवाच ती उष्णता घालवू शकते. मोटारीच्या इंजिनाला एवढे पुरत नाही. म्हणून त्याच्या भिंतींतील पोकळ्यांतून पंपाने कूलंट फिरवितात. ते सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, कूलंट रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात येते.

यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. आपल्या भगिनींना हे अधिक लवकर कळेल, कारण स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचेच हे तत्त्व आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढविला की ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढा बार दाब होईपर्यंत आतील स्प्रिंग झाकण उघडू देत नाही. कूलंटमधील ग्लायकॉल हे द्रव्य उकळबिंदू आणखी वर नेते. याचा अर्थ असा की गळती लागली म्हणजे केवळ पाणी कमी होते असे नाही. दाब टिकत नाही, आणि दाब टिकला नाही की उरलेले पाणीही लवकर उकळू लागते. कुकरची रबरी रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही, हे ज्या घरात कळते, त्या घरात मोटारीची गळती महिनोन्‌महिने चालू द्यावी, याचे मला आश्चर्य वाटते.

पाणी ओतण्याची ही सवय आली कोठून, यालाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या भागाला जवळचा आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या आणि इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी वालचंदनगर वसविणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ पासून तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कंपनीच्या फियाटने आणि तिच्याच पद्मिनी या अवताराने आपल्या दोन पिढ्यांना पुण्या-मुंबईस नेले-आणले. त्या पिढीतील बहुतेक मोटारींत तापून उतू गेलेले पाणी एका नळीवाटे रस्त्यावर पडे आणि परत येत नसे. म्हणून डिकीत पाण्याचा डबा असे, दिवे घाट चढून गेल्यावर गाडी थांबवून पाणी घालणे हा प्रवासाचा भागच असे, आणि त्यात वडीलधाऱ्यांचे काही चुकत नव्हते. त्यानंतर व्यवस्था बदलली. आजच्या मोटारीत तापलेले कूलंट बाटलीत जाते आणि इंजिन निवल्यावर तेथून परत खेचले जाते. वाहन बदलले, पण आपला तांब्या तोच राहिला.

शिवाय त्या तांब्यात असते कोणते पाणी? नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूर भागाला ऊस दिला, तसे कित्येक ठिकाणी क्षारही दिले. चोपण झालेल्या जमिनी आपण पाहतो. त्याच परिसरातील बोअरचे पाणी किती जड असते, हे पाणी तापविण्याच्या हीटरच्या कांडीवर चढलेल्या पांढऱ्या थरावरून कोणीही ओळखील. तोच थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत आतून चढतो. परिणामी गळती चालूच राहते आणि गाडीची निवण्याची शक्तीही घटत जाते. त्यात ओतलेल्या साध्या पाण्यामुळे मूळ कूलंट विरळ होते आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये क्षीण होतात. मग ॲल्युमिनियमचे भाग आतून कोरले जातात आणि एका गळतीच्या दोन होतात.

आता शोधाकडे वळू. तो नेहमी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीपासून सुरू करावा. इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नये, हे येथे एकदा सांगतो आणि पुढे पुन्हा सांगणार आहे. दुकानात रिकाम्या खोक्यांना तोटा नसतो. एक मोठे खोके उलगडून त्याचा पुठ्ठा रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली पसरावा आणि चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखाव्यात. सकाळी डाग कोठे पडला, यावरून अर्धे काम होते. अगदी पुढे, जाळीच्या खाली डाग असेल तर संशय रेडिएटरवर किंवा त्याच्या नळ्यांवर घ्यावा. इंजिनाच्या ज्या बाजूला पट्टे फिरतात त्या बाजूखाली असेल तर वॉटर पंपावर. डाग स्वच्छ, वासरहित पाण्याचा असेल आणि डाव्या बाजूस, पुढे बसणाऱ्याच्या पायाखालच्या जागी असेल, तर तो बहुधा एसीचा असतो. त्याची चिंता करू नये. कूलंट हिरवे, गुलाबी, निळे किंवा नारिंगी असते, बोटाला किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. बोट लावले तर हात लगेच साबणाने धुवावा; चव घेऊन पाहण्याचा मोह कोणीही करू नये.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नये. पुष्कळ गळत्या गाडी चालत असताना, दाब असतानाच वाहतात आणि तापलेल्या धातूवर थेंब पडताच त्याची वाफ होते. जमिनीवर काहीच दिसत नाही. मागे राहतो तो वाळलेला पापुद्रा. नळी जेथे बसते ते तोंड, क्लिपची कड, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीची शिवण, पंपाच्या पोटाखालील जागा, असे सर्व भाग बॅटरीच्या उजेडात पाहावेत. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली दिसली की तेथे पाणी येऊन गेले आहे, असे समजावे. वॉटर पंपाच्या अंगाला निर्मात्याने मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. त्या छिद्राखाली ओघळ दिसला तर पंपाने दिलेली ती नोटीसच समजावी. छिद्र बुजविणारे महाभागही मी पाहिले आहेत.

आपल्या व्यापारी मंडळींच्या गाड्यांत आणखी दोन जागा आवर्जून पाहाव्यात. ज्यांनी नंतर सीएनजीचे किट बसविले आहे, त्यांच्या गाडीत गॅसचा दाब कमी करणारे उपकरण गोठू नये म्हणून कूलंटच्या नळीला मध्येच फाटे काढून ते गरम ठेवलेले असते. हे फाटे आणि त्यांच्या क्लिपा कंपनीच्या मूळ रचनेत नसतात, आणि पुष्कळदा प्रथम त्याच ढिल्या होतात. दुसरी जागा उंदरांची. धान्याच्या गोदामाशेजारी, मार्केट यार्डात रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या ते कुरतडतात. तेथे विषारी गोळ्या टाकण्याचे कारण नाही. गाडी पोत्यांपासून दूर उभी करावी आणि शक्य तेथे खालून बारीक जाळी बसवून घ्यावी.

डोळ्यांनी काहीच सापडले नाही तर गॅरेजमध्ये दाबाची तपासणी मागावी. सायकलच्या पंपासारखे, वर घड्याळ असलेले एक साधन थंड इंजिनाच्या झाकणाच्या जागी बसवितात आणि झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब भरतात. दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर मार्ग घट्ट आहे. काटा उतरू लागला तर गळती आहे, आणि आता इंजिन थंड व बंद असल्यामुळे थेंब वाफ न होता दिसतो. झाकणाचीही स्वतंत्र तपासणी याच साधनाने होते. या परीक्षेचा आग्रह धरावा. पुष्कळ ठिकाणी ती न करताच अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो आणि बिल मात्र अंदाजाने लागत नाही.

बाटलीविषयी एक बारकावा राहिला. काही गाड्यांत दाबाचे झाकण बाटलीवरच असते. काहींत ते रेडिएटरवर असते आणि बाटली केवळ साठ्याची असते. दुसऱ्या प्रकारात झाकणाचे रबर किंवा मधली बारीक नळी निकामी झाली, तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. म्हणून अशा गाडीत, इंजिन पूर्ण थंड असताना, अधूनमधून रेडिएटरचे झाकण उघडून पाणी तोंडाशी आहे ना, हे पाहावे. शिलकेचा दाखला आणि प्रत्यक्ष रोकड या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपणांस सांगणे नको.

गाडीने आधी सूचना का दिली नाही, असे लोक नंतर विचारतात. इंदापुरातील एका परिचित कुटुंबाची हकीकत येथे देतो. नाव घालणार नाही, या बोलीवर त्यांनी ती लिहू दिली आहे. त्यांच्या गाडीत ड्रायव्हर तीन महिने दर आठवड्यास बोअरचे पाणी घालीत असे. पुठ्ठ्यावर डाग नाही, म्हणून गळती नाही, असा सर्वांचा समज. मार्च महिन्यात सारे कुटुंब, ऐंशी वर्षांच्या आजींसह, कुंथलगिरीच्या दर्शनास निघाले. आजींचे एकाशन, पोहोचून, दर्शन करून, दिवस असतानाच आहार घ्यायचा, असे ठरलेले. टेंभुर्णी सोडल्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेमागे गाडी दुपारच्या उन्हात, एसी लावून, पायी चालणाऱ्याच्या गतीने जात होती. या गाडीला तापमानाचा काटा नव्हता. आजकालच्या कित्येक गाड्यांत तो नसतो. फक्त थंड असताना निळा आणि अति तापल्यावर लाल दिवा लागतो. त्यातही पाणी फारच कमी झाले की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि खरी उष्णता उशिरा कळवितो. लाल दिवा लागला तेव्हा बॉनेटमधून वाफ निघतच होती.

पुढे जे झाले ते घाईने झाले. नातवाने फडके घेऊन झाकण फिरविले. दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी मोकळे होताक्षणी वाफ होऊन उसळते. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. भाऊंनी पिण्याच्या जारमधले गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतले. ॲल्युमिनियमचे हेड वाकले. कुर्डुवाडीत हातावर उपचार होऊन दुसरे वाहन मिळेपर्यंत सूर्य मावळला. आजी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून होत्या. त्यांनी तो दिवस निराहार काढला आणि त्याबद्दल कोणास एक शब्दही बोलल्या नाहीत. घरच्यांना बिलापेक्षा तेच अधिक लागले, असे भाऊ मला म्हणाले. बिल पाच आकडी होते. हेड काढणे, त्याचे फेसिंग, नवे गॅस्केट, तेल, मजुरी. मूळ कारण वॉटर पंपाचे झिजलेले सील निघाले. त्या छिद्राखालचा वाळलेला ओघळ कोणाही मेस्त्रीला दिसला असता. पण ‘गाडी पाणी खाते’ हे ड्रायव्हरने मेस्त्रीला कधी सांगितलेच नव्हते. पंपाची किंमत त्या बिलातील लहानांपैकी एक ओळ होती.

म्हणून रस्त्यावर लाल दिवा लागला किंवा काटा वर सरकू लागला तर काय करावे, हे घरातील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास माहीत असावे. एसी बंद करावा. कडेला थांबता येईपर्यंतच्या थोड्या अंतरात हीटर पूर्ण गरमवर लावून काचा उघडाव्यात. त्यामुळे इंजिनाची काही उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नये. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. बॉनेट उघडल्यावरही पंख्यापासून हात दूर ठेवावा, कारण काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही आपोआप सुरू होतो. झाकण हाताला गार लागेपर्यंत उघडू नये. गार पाणी तापलेल्या इंजिनात कधीही घालू नये. गाडी ओढून नेण्याचा खर्च अशा वेळी स्वस्त पडतो. ‘गॅरेज चारच किलोमीटरवर आहे’ या हिशेबापायी कित्येक इंजिने बसली आहेत.

काही गळत्या बाहेर कोठेच दिसत नाहीत. गाडीत गोडसर वास येणे, समोरची काच आतून तेलकट धुकट होणे, डाव्या बाजूचा गालिचा ओला लागणे ही हीटरच्या लहान रेडिएटरची लक्षणे. आपल्याकडे हीटर वर्षातून चार दिवस लावला जातो, पण कित्येक गाड्यांत कूलंट त्यातून बारा महिने फिरत असते. याहून गंभीर म्हणजे हेड गॅस्केट. ते फुटले की कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळते. इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे, तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस जमणे, इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येणे आणि थंड गाडी सुरू करताच दोन-तीन मिनिटांत नळ्या दगडासारख्या कडक होणे, ही त्याची चिन्हे. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ आणि केवळ झाकणाखालचा किंचित फेस यांवरून मात्र निष्कर्ष काढू नये. खात्रीसाठी एक सोपी रासायनिक परीक्षा आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवून तेथील हवा निळ्या द्रवातून ओढतात. जळालेला वायू त्यात असेल तर द्रव पिवळा होतो. हेड खोलण्याचा खर्च सांगितला गेला की आधी ही परीक्षा झाली आहे का, एवढे विचारावे.

दुरुस्तीत एक नियम ध्यानात ठेवावा: स्वस्त भागापासून आरंभ करावा. झाकण काही शे रुपयांत येते. रबर कडक झाले असेल तर त्याच आकड्याचे नवे घ्यावे. नळी फुगली असेल, दाबल्यावर कुरकुरत असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर ती बदलावी. टेप गुंडाळून पुण्यापर्यंत जाता येईल, परतीची हमी नाही. क्लिप आवळताना बेताने आवळावी, कारण ज्या तोंडावर ती बसते ते आता प्लॅस्टिकचे असते आणि तडकते. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाख लावून वर्षानुवर्षे चालत. आपल्यातील सराफ मंडळींना त्या कामातील कसब कळेल. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसविलेले असतात. शिवण सुटली की बहुधा नवेच घालावे लागते. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर पंप बदलताना बेल्ट आणि बेल्ट बदलताना पंप पाहून घ्यावा. मजुरी एकदाच लागते.

राहिली हळद. ट्रकचालकांत रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती थोपविण्याची युक्ती जुनी आहे, आणि ती काही वेळ चालतेही. पूड पाण्याबरोबर जाऊन भेगेत बसते. बाटलीतून मिळणाऱ्या ‘स्टॉप लीक’ द्रवांचे तत्त्व जवळपास हेच. परंतु जी पूड भेगेत बसते तीच हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. आडरानात अडकलेल्या माणसाने केले तर मी त्यास दोष देणार नाही. घरी पोहोचल्यावरही तेच चालू ठेवणे आणि ‘गळती बंद झाली’ म्हणणे मात्र मला मान्य नाही. हळदीचा व्यापार करणाऱ्यांनीही ती डब्यातच ठेवावी.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार घ्यावा. रंगावरून ठरवू नये. दोन कंपन्यांच्या हिरव्यांत निरनिराळी रसायने असू शकतात आणि भलते प्रकार एकत्र झाल्यास काही वेळा त्यांचा चिकट गाळ होतो. डब्यावर आयएस ५७५९ हे भारतीय मानक किंवा जेआयएस के २२३४ हे जपानी मानक छापलेले आहे का, पाहावे. ‘आपल्याकडे कोठे बर्फ पडतो?’ असे म्हणून साधे पाणी घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की येथे आपणांस त्याच्या गोठणबिंदूशी कर्तव्य नसून उकळबिंदूशी आणि गंजरोधनाशी आहे. तयार मिश्रण असेल तर त्यात काहीही मिसळू नये. अर्क असेल तर सर्वसाधारणपणे निम्मा अर्क आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतो ते पाणी, असे प्रमाण असते. अर्क जास्त घातला म्हणून लाभ जास्त होत नाही; शुद्ध ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. भरल्यावर आत अडकलेली हवा काढणे आवश्यक असते, अन्यथा नवी गाडीसुद्धा तापते. पंखा एक-दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवून हवा काढली का, हे मेस्त्रींना विचारावे.

आणि काढलेले कूलंट? ते गटारात किंवा अंगणात ओतले जाते, हे मी नेहमी पाहतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. भूतदयेसाठी पक्ष्यांना पाणी ठेवणाऱ्या घराच्या दारातच हे डबके असावे, हे केवळ अज्ञानामुळे होते. लहान मुलांनाही तोच धोका आहे. म्हणून उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. सांडलेले असेल तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते उचलावे आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. गॅरेजमध्ये काढताना खाली पसरट पाटी ठेवावी आणि जुन्या तेलाबरोबर नेणाऱ्यास ते वेगळ्या डब्यात द्यावे.

माझ्या गाडीत एक चाळीस पानी वही असते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, तारीख, किलोमीटर आणि कूलंटची पातळी एवढ्या तीन नोंदी तिच्यात होतात. बाटलीवर रेघ मारण्यासाठी दुकानातले मार्कर पेन पुरते. ड्रायव्हर असेल तर पाणी घातल्याची नोंद त्याने सहीनिशी करावी. ओरडा बसणार नाही हे त्याला आधी सांगावे, नाहीतर तो लिहिणार नाही. कोणतीही गळती दुरुस्त झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ही नोंद महिन्याऐवजी दर आठवड्यास ठेवावी. तेवढ्या अंतरात रेघ हलली नाही, तर मेस्त्रींचे उरलेले पैसे द्यावेत.